कादंबरीवर आईचं मत

आमच्या हिंगोलीच्या बायकांच्या वाचनमंडळात सहसा भांडणं होत नाहीत. झालीच तर चहा कुणाकडे यावरून. पण या हिवाळ्यात एका कादंबरीनं आमच्यात दोन तट पाडले. कादंबरी ऐतिहासिक, जाडजूड, लायब्ररीतून हातोहात फिरून कोपरे मऊ झालेली. दोन सरदार घराणी, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. शेवटी तह होतो आणि तहाची हमी म्हणून या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात द्यायची ठरते. निव्वळ सोयीचं लग्न. नायिका नाइलाजानं सून होऊन गढीत येते, नवरा तिच्याशी कामापुरतं बोलतो आणि मग पानंच्या पानं दोघं एकमेकांकडे चोरून बघत बसतात. पुढे तह मोडतो. नवरा अंगणात पालखी आणून उभी करतो आणि म्हणतो, आता तुमच्यावर बंधन नाही, जायचं तर जा. ती जात नाही. संपली कादंबरी.

बँकेतून रिटायर झालेल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "याला म्हणतात प्रेम. अडवलं नाही हो त्यानं तिला!" शाळेत शिकवणारी आमच्यातली तरणी पोरगी तडकली, "कसलं डोंबलाचं प्रेम? दोन पोरी गहाण ठेवल्या आणि वरून गोड मुलामा दिला." डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, शालू-पैठण्यांची वर्णनं गाळली असती तर निम्मा कागद वाचला असता. मी गप्प होते. मी गप्प बसले की मंडळाला काळजी वाटते, कारण मी तोंडाची फटकळ. "तुमचं मत काय?" सगळ्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आईला विचारून सांगते." हसल्या सगळ्या. हसू देत. त्यांना कुठं माहीत होतं की असली कादंबरी आमच्या घरात पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे.

माझ्या आईबाबांचं लग्न साट्यालोट्याचं. म्हणजे तुमची आम्हाला, आमची तुम्हाला. बाबा शिरड शहापूरचे, मामाचं गाव जवळा बाजारच्या पलीकडे. बाबांची बहीण मामाला दिली, मामाची बहीण बाबांनी केली. एकच मांडव, एकच जेवणावळ, देण्याघेण्याची कटकट नाही. आई आणि आत्या एकमेकींच्या नणंदाही होत्या आणि भावजयाही, त्यामुळे दोघी एकमेकींना वैनीच म्हणायच्या. मामा आणि बाबा एकमेकांचे दाजी. लहानपणी कुणी नातं समजावून सांगायला लागलं की मला घेरी यायची.

या लग्नांत एक खोट असते. आग तिथं लागते आणि धूर इथं निघतो. मामाचं आणि आत्याचं वाजलं की आत्या पिशवी भरून आमच्याकडे यायची. आत्या दारात दिसली की आजोबा आत बघून एवढंच म्हणायचे, "त्यांची त्यांच्याकडं धाडा." की निघाली माझी आई माहेरी. तिनं काही केलेलं नसायचं. भाकरी तव्यावर असायची. मग दोन्ही घरचे पुरुष मिशीला पीळ देत बसायचे, चार माणसं मध्ये पडायची आणि दिलजमाई झाली की दोघींनी एकाच दिवशी आपापल्या सासरी परतायचं असा शिरस्ता होता. आधी कुणी निघायचं नाही, मागून कुणी निघायचं नाही. अगदी बराबर.

आणि खरं सांगू? माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा दिवस म्हणजे तो परतीचा दिवस. दोघींच्या बस जवळा बाजारला बदलायच्या, तिथं स्टँडवर त्यांची गाठ पडायची. बाजाराचा दिवस असला तर विचारूच नका. कापसाच्या गाड्या, भज्यांचा वास, धुरळा, आणि त्यात या दोघी एका बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. आम्हा पोरांच्या हातात भज्यांचा पुडा दिला की त्यांचा कारभार सुरू. दोघी इतके दिवस एकमेकींचं सासरच तर सांभाळत होत्या!

"वैनी, तुमच्या म्हशीनं दूध चोरणं सोडलंय बरं का. सकाळी जरा चुचकारा."

"लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठिवलीय, पोरं हात घालून राहिलेत."

"अन् तुमच्या सासूबाईचा गुडघा लई दुखून राहिलाय. तेल चोळून द्या, सांगायच्या न्हाईत त्या."

मग दोघी पदरात तोंड घालून हसायच्या, नवऱ्यांच्या नकला करायच्या, आणि बस लागली की एकदम गंभीर होऊन उठायच्या. खिडकीतून आत्या हात हलवायची. मला वाटायचं, भांडण व्हावं तर असं. अजूनही त्या स्टँडवरून जाताना जीव हुरहुरतो. ते बाक कधीच गेलं, तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. आई तिकडे जाऊन आली, सगळं रीतीप्रमाणे केलं, आणि घरी आल्यावर लगेच चुलीला लागली.

आईचे डोळे आता अधू झालेत. मी रविवारी शिरडला जाते तेव्हा तिला वाचून दाखवते. ही कादंबरीही तशीच नेली. बाबा ओसरीवर बसून असायचे. त्यांना कमी ऐकू येतं म्हणतात, पण आपल्या कामाचं बरं ऐकू येतं. आई वाचू कुठं देते! पानापानाला मत. "सासू लई गोड दाखवलीय, असली कुठं राहती?" "एवढे दागिने घालून ती चुलीपाशी बसली कशी? जळून मरंल." मला हसू आवरायचं नाही. पण पालखीचं प्रकरण आलं तेव्हा मलाच चष्मा पुसावा लागला. वाचून झालं. मी आईकडे बघितलं, तर तिचे डोळे कोरडे.

"जा म्हणला?"

"तसं नाही गं. तिला मोकळं केलं त्यानं. मोठेपणा आहे तो."

"राहा म्हणला का?"

"नाही, पण त्याच्या मनात..."

"मनातलं घाल चुलीत. तोंडानं म्हणला का, राहा म्हणून?"

ओसरीवरून बाबांनी आवाज टाकला, "राहिली न्हवं ती? मग झालं की! बोलून काय दाखवायचं असतंय त्यात?"

एरवी आईनं त्यांना तिथल्या तिथं परतवलं असतं. त्या दिवशी ती बाहेर बघत हळू बोलली, माझ्याशीच. "मी बी राहिले. दर बारीला वैनी तिकडं गेली म्हणून मी इकडं आले. वैनी जाती न् मी येती, वैनी येती न् मी जाती. एवढ्या वर्सांत मला न्यायला कुनी आलं न्हाई. माझ्यासाठी म्हणून, मला. आता ती बी न्हाई. आता मी गेले तर कुनाला काय तकलीफ हाय?"

"येडी झालीस का?" बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी गेले तर आई घरात नाही. भावजयीनं मला आत ओढून कानात सांगितलं, "माहेरी गेल्या. पिशवी घेऊन. म्हणल्या, आता माझ्या बदल्यात कुनी यायचं न्हाई, बघू कोण येतंय न्यायला." पंच्याहत्तरी उलटलेली बाई! भावानं मोटारसायकल काढली होती, तर फोनवर त्याला दम मिळाला, तू आलास तर दारातून परत धाडीन. मला हसावं की रडावं कळेना. गावात कुजबूज सुरूच झाली होती, म्हातारी रुसली म्हणून.

बाबा आधी ताठ होते. "येईल. जाऊन जाऊन जाईल कुठं?" पण चहा दोनदा परत पाठवला, साखर नाही म्हणून. भावजय बिचारी म्हणाली, बराबर टाकलीय. मी जवळ जाऊन बसले. ते हाताची नखं बघत होते.

"त्या तुझ्या कादंबरीत," ते म्हणाले, "ती पालखीत बसून गेली असती, तर तो गेला असता का तिला आणायला?"

"तसं लिहिलेलं नाही, बाबा."

"तुला काय वाटतंय?"

माझ्या बाबांनी जन्मात कधी कुणाला मत विचारलं नव्हतं. पेरणीचं नाही, माझ्या लग्नाचं नाही. मीही मग लाज धरली नाही. "नसता गेला. गढीत झुरत बसला असता, आणि आम्ही बायकांनी डोळे पुसत त्याला शाबासकी दिली असती."

बाबा उठले. सुनेला धुतलेलं धोतर मागितलं. टोपी झटकली. आणि मला म्हणाले, "तू बी चल. एकट्यानं गेलो तर लोक हसतील." मी म्हणाले, "दोघांनी गेलो तरी हसतील." "हसू दे मग," ते म्हणाले आणि चपला घालून चालूही लागले.

मामाच्या अंगणात आई सुपात तूर पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही. मामा बाजेवर होता. आत्या गेल्यापासून पार वाळलाय तो. "या दाजी, बसा," म्हणाला.

बाबा उभेच. "बसायला न्हाई आलो. हिला न्यायला आलो." कमी ऐकू येणारी माणसं जशी बोलतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारची बाई कुडावरून डोकावली.

आईचं सूप थांबलं. "काहून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार! मी वर बघायला लागले. मग ते आईकडे वळले आणि चोरी पकडल्यासारखं तोंड करून म्हणाले, "करमंना. तुझ्याबिगर करमंना झालंय."

आई हसली. पदर तोंडाशी धरून, पोरीसारखी हसली. मला इतका आनंद झाला की तिथंच टाळ्या पिटाव्यात. "उद्या येते," आई म्हणाली. "आज जेवून राहा." केवढा तो तोरा!

तेवढ्यात मामा बोलला. "दाजी, तुमच्या बहिणीला न्यायला मी तुमच्या दारात कधी आलो न्हाई." आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. "एकदा बी न्हाई. वाटायचं, येतीच की. यायची बी." त्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. "आता कुठं जाऊ न्यायला?"

आत्या बाबांची सख्खी धाकटी बहीण. बाबा हळूच बाजेवर मामाच्या शेजारी बसले आणि त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. आणि आई, जी आत्या गेली तेव्हा चार माणसांत धीरानं वावरली होती, ती सूप टाकून उठली आणि "वैनी गं" म्हणून मोठ्यानं रडायला लागली.