सेकंडहँड लेन्स, चांगल्या स्थितीत

आमच्या धंद्यात फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं आणि किस्से आमच्याकडे उरतात! अल्बम दिला की त्यांचं लग्न संपतं. पण त्या लग्नात कोण कुठं पडलं, कोण कशावरून रुसलं, हे सांगत आम्ही पुढं वर्षभर चहा पितो.

मी अर्चना. सेलूत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, डोहाळेजेवण, सगळं करते. बाई फोटोग्राफर म्हणून हळदीला आणि मेंदीला तर हमखास बोलावणं. कॅमेऱ्याचं काही दुखलं-खुपलं की रेल्वेत बसायचं आणि परभणीला रशीदभाईंच्या दुकानात जायचं. रशीदभाई म्हणजे आमचे कॅमेऱ्यांचे डॉक्टर. त्यांच्या दुकानात दोन स्टुलं. एकावर कायम विलासदादा. हे रोलच्या जमान्यापासूनचे फोटोग्राफर, अख्ख्या परभणीची लग्नं यांनीच लावल्यासारखं बोलतात. दुसरं स्टूल रिकामं असलं तर माझं.

गेल्या लग्नसराईत माझी लेन्स गेली आणि दुसरी मिळेपर्यंत जे काही झालं, त्यानं ती दोन्ही स्टुलं अजून हसायलीत.

*

लेन्स गेली कशी? जिंतूर तालुक्यातल्या एका गावात हळद होती. मी नवरीच्या अगदी मागं उभी. करवलीनं हळदीच्या पाण्याची बादली उचलली, नवरीनं बरोबर मान खाली घातली, आणि बादली माझ्यावर!

मी घाबरून लेन्स काढून बाजूला ठेवली आणि आधी कॅमेरा पुसायला घेतला. तेवढ्यात नवरीची मावशी आली.

"रडू नका ताई. आमच्या ह्यांचा मोबाईल भिजला होता, तांदळात ठेवला की सकाळी चालू!"

मी मान वर करेपर्यंत मावशीनं लेन्स नेऊन तांदळाच्या कोठीत खुपसली होती. वर परत दोन ओंजळी तांदूळ! मी बॅगेतली जुनी, छोटी लेन्स लावून कशीबशी हळद उरकली. निघताना मावशीनं लेन्स हातात दिली. बाहेरून एकदम कोरडी. फिरवून बघितली तर जात्यासारखा आवाज.

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी ती उघडली. चिमट्यानं एक कणी काढली. मग दुसरी. मग कागदावर थोडा कोंडा झटकला.

"ताई, ये लेन्स है या राशन की दुकान?"

विलासदादा स्टुलावरून वाकून बघत म्हणाले, "बासमती हाय का रं?"

रशीदभाईंनी कणी उजेडात धरली. "नै. कोलम!"

*

हसून झालं आणि रशीदभाईंनी निकाल दिला. "आत पाणी बी गया, मोटर बी गई. इसपे पैसा नक्को लगाओ. दूसरी देखो."

नवीन लेन्सची किंमत विचारली. माझं बजेट असं की दुकानदारानं पहिला आकडा सांगितला आणि मी पुढचं न ऐकताच प्यायला पाणी मागितलं.

घरी आले. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नव्या लेन्सची किंमत विचारली, मी सांगितली. मग म्हणाल्या, "एवढ्यात तर म्हैस येती."

"आत्या, म्हशीनं फोटो निघत न्हाईत."

"आन् लेन्सनं दूध निघतंय का?"

विषय तिथंच संपला असं मला वाटलं. सकाळी शटर उघडते तर समोरच्या दोघी पातेली घेऊन उभ्या.

"अर्चना, म्हैस घ्यायलाव म्हणं! आमचं एक लिटर लिहून घे बरं. पाणी टाकू नको, ओळखीतलं हाय म्हणून!"

*

आता खरी चिंता सांगते. महिनाभरानं जिंतूरला एक लग्न होतं. नवरीची आई शाळेत शिक्षिका. त्या बुकिंगला आल्या तेव्हा एकच गोष्ट बोलल्या होत्या. "ह्यांना लकवा झालाय, पलंगावरून उठता येत नाही. लेकीचं लग्न ते तुमच्या फोटोतच बघणार आहेत. कोणी सुटू देऊ नका ताई."

मी मोठ्या तोंडानं "जिम्मेदारी माझी" म्हणून बसले होते. आणि आता हातात फक्त ती जुनी छोटी लेन्स. ती झूम होत नाही. जवळचं पाहिजे तर आपण पुढं जायचं, सगळे पाहिजेत तर आपण मागं सरकायचं.

मधे सेलूत एक लग्न त्याच लेन्सवर काढलं. तिथं मंगल कार्यालय एक आणि लग्नं दोन. मधे फक्त कापडी पडदा. नवरदेवाकडच्या लोकांनी ग्रुप फोटोला गर्दी केली. पंचवीस-तीस माणसं! मी मागं सरकले. दोघं फोटोच्या कडेला तुटायले. अजून मागं. आत्याबाई तुटायल्या. अजून मागं. पाठीला पडदा लागला, तो बाजूला झाला, मी अजून दोन पावलं मागं. आता सगळे बसले! टिपला फोटो.

तेवढ्यात मागनं कोणीतरी खांद्याला धरून मला खाली बसवलं. समोर पत्रावळ. वाढपी भातावर वरण ओततच म्हणाला, "ताई, फोटो नंतर बी निघतेत. पंगत उठली की मग भात मिळत न्हाई!"

मी दुसऱ्याच लग्नात बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी नवरीकडच्या का?"

मी म्हणाले, "नाही, पडद्याकडची."

*

"ऑनलाइन बघ की," असं एकदा रशीदभाईंच्या दुकानात कोणीतरी मला म्हणालं, तर रशीदभाईंना हसू आवरेना. विलासदादा तोंड फिरवून रस्त्याकडं बघायला लागले. मग मला तो किस्सा कळला.

काही वर्षांपूर्वी विलासदादांनी मोबाईलवर एक लेन्स बघितली. मोठी, काळी, जाडजूड, आणि किंमत एका हातरुमालाएवढी! पुतण्याला विचारलं नाही, खालचं वाचलं नाही, दाबलं बटण. आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरले, "अशी लेन्स परभणीत कोणाकडं न्हाई."

खोकं रशीदभाईंसमोर उघडलं. लेन्स बाहेर काढली, कॅमेऱ्याला लावायला गेले, लागेना. उलटी केली, सुलटी केली. शेवटी रशीदभाईंनी हातात घेऊन वरचं झाकण फिरवलं. आत स्टीलचं भांडं! लेन्ससारखा दिसणारा चहाचा मग होता तो.

विलासदादांनी झाकण परत लावलं, परत काढलं. मग हॉटेलवाल्याला हाक मारली.

"एक चहा आण. आन् कप आणू नको!"

*

मानवतच्या एका स्टुडिओवाल्यानं जाहिरात टाकली होती. "लेन्स विकणे. चांगली स्थिती. घरगुती वापर." मी फोन केला आणि एसटीनं गेले. जाताना रशीदभाईंनी बजावलं होतं, "मोबाईल की बॅटरी पीछे से मारो, अंदर देखो. चकाचक दिखा तो लेना, नै तो नक्को."

माणूस बोलायला फार गोड. चहा मागवला, पंखा माझ्याकडं वळवला. मी लेन्सच्या मागून बॅटरी मारली. आत पांढरं जाळं पसरलेलं! काचेवर बुरशी चढली की असंच दिसतं.

"दादा, ह्यात बुरशी हाय."

"कुठं? ती?" त्यानं लेन्स डोळ्याला लावली. "ती बुरशी न्हाई ताई, ती नजाकत हाय! ह्याच्यातून नवरी कशी मऊ दिसती. डाग न्हाई, पुटकुळी न्हाई. लोक पार्लरला पैसे घालवतेत, आपल्या लेन्समधी फ्री हाय!"

"आणि नवरदेव?"

"त्याच्याकडं कोण बघतंय?"

रिकाम्या हातानं परतीच्या एसटीत बसले. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण उलट सुटल्यासारखं झालं. बॅटरी मारायची विसरले असते, तर जिंतूरचं अख्खं लग्न धुक्यात लागलं असतं.

*

जिंतूरचं लग्न व्यवस्थित झालं, हे आधीच सांगून टाकते. तुमचा जीव टांगणीला नको. त्याच्या चार दिवस आधी लेन्स मिळाली. ती कशी, ते मागनं सांगते.

त्या लग्नात मी एकही माणूस सोडला नाही. आचारी सोडला नाही, बँडवाला सोडला नाही. नवरीच्या आईकडं बघितलं की मला पलंगावरचे ते वडील आठवायचे आणि मी अजून एक फोटो काढायची.

अल्बम द्यायला स्वतः गेले. वडिलांच्या पाठीशी उशा लावल्या, मांडीवर अल्बम ठेवला. एकेक पान शिक्षिका बाईच उलटत होत्या. त्यांच्या एका हाताचं बोट फोटोवर फिरायचं. लेकीच्या फोटोवर ते बोट बराच वेळ थांबलं. मग पुढं. मांडवाच्या दाराशी, अक्षता हातात घेऊन, एकटाच उभा असलेला एक माणूस होता. मला तो कोण ते माहीत नव्हतं. सोडायचं नाही म्हणून काढला होता.

त्या फोटोवर बोट आलं आणि थांबलं. अडखळत ते म्हणाले, "हा... आला?"

बाई हळूच मला म्हणाल्या, "ह्यांचा धाकटा भाऊ. बारा वर्षं बोलणं नाही." मग त्यांच्याकडं वळून, "आला होता नं. अक्षता टाकल्या, जेवून बी गेला."

फोटो इतका स्वच्छ होता की मिशीतला पांढरा केस न केस दिसत होता. वडील बघत राहिले. मी मनात म्हणाले, आपण काय करून ठेवलं बाई!

मग त्यांच्या तोंडाच्या एका बाजूला हसू फुटलं.

"लय म्हातारा झाला की हे बेणं!"

आणि बाईंनी हुश्श केलं. मी पण.

*

आता लेन्सचं.

बातमी विलासदादांनीच आणली. परभणीत एक सर राहतात. कापसावरच्या किडींचा अभ्यास करण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली, आता रिटायर. हात थरथरायला लागला म्हणून कॅमेऱ्याचं सामान काढायचं म्हणत होते. "माणूस खरा हाय," विलासदादा म्हणाले, "चल, मी बी येतो."

सरांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला, डब्यातून मऊ कापड, कापडातून लेन्स. मी मोबाईलची बॅटरी मारली. आत एक कण नाही. झूम फिरवून बघितलं, लोण्यासारखं फिरलं. किंमत विचारली. चक्क माझ्या आवाक्यातली! आता मला भीती वाटायला लागली.

"सर, काही दोष आहे का?"

"आहे," सर म्हणाले. "लपवणार नाही. या लेन्सनं माणसं चांगली येत नाहीत."

माझा चेहरा पडला. विलासदादांनी माझ्याकडं बघितलं.

"अळी बघा," सरांनी एक जुना फोटो पुढं केला. "अंगावरचा केस न केस मोजा. हे बोंड बघा. पण माणूस समोर आला की काय होतं कळत नाही. बिघडतंच. घरात पुरावा आहे."

"पुरावा मीच हाय," म्हणत काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला आणि कपाटावरचा अल्बम काढून माझ्यापुढं उघडला. पहिल्या फोटोत काकूंचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात अर्धं कपाळ कापलेलं. तिसऱ्यात काकू गुलाबाच्या झाडाजवळ उभ्या, पण पुसट.

"ह्या फोटोत गुलाबावर माव्याचे किडे पडलेत बगा," काकूंनी बोट ठेवलं. "ते लय छान आलेत. बाजूला मी हाय."

सर शांतपणे म्हणाले, "लेन्सच तशी आहे."

"हे असंच म्हणायलेत, लग्नाला चाळीस वर्षं व्हायली," काकू म्हणाल्या. "मग मी बी उभं राहायचं सोडून दिलं."

मी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली. "काकू, एक काढून बघू?"

"नको माय. कशाला उगं?" म्हणता म्हणता त्यांनी पदर सारखा केला.

मी त्यांना खिडकीजवळ बसवलं. त्या एकदम ताठ झाल्या, ओठ घट्ट मिटले, पासपोर्ट फोटोला बसल्यासारख्या. मी कॅमेरा थोडा खाली घेतला आणि विचारलं, "काकू, सर घरी नसले की तुमी काय करता?"

"नसतेत कुठं?" काकू म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून हलतच न्हाईत! मीच दोनदा भाजीला जाते!" आणि स्वतःच खळखळून हसल्या. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आला. खिडकीतला उजेड गालावर, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, हसता हसता कपाळावर आलेली एक बट. मी कॅमेरा काकूंच्या हातात दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, परत बघितलं. सर त्यांच्या मागं येऊन उभे राहिले आणि वाकून बघायला लागले.

काकूंनी मान वळवली. चष्म्यावरून सरांकडं बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "लेन्स तर चांगली हाय की!"