घरावर रागावणारी आत्या

माझ्या आत्याइतकं घरावर रागावणारं माणूस अख्ख्या खानापूर तालुक्यात नसेल. लोक नवऱ्यावर रागावतात, सुनेवर रागावतात, वीज गेली की वायरमनवर रागावतात. आत्या भिंतींवर रागावते, दारांवर रागावते आणि सगळ्यात जास्त गच्चीवर रागावते. सकाळी उठली की देवाला हात जोडायच्या आधी ती हॉलच्या भिंतीवर तळहाताने थापा मारत फिरते. कुठे पोकळ आवाज आला की तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहते. "फुगलास? काय कमी केलं रं तुला? वर्साला चुना, वर्साला रंग, आन् वर तू फुगतोयस?" घराला ती वाया गेलेला पोरगा समजूनच बोलते. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, हॉलमध्ये कुणाचा तरी मुलगा झोपला आहे आणि त्याच्या गालाला सूज आली आहे.

मी कॉलेजसाठी विट्याला तिच्याकडे राहायला आले. आमचं गाव आटपाडीकडचं, कोरड्या भागातलं. घर पत्र्याचं. वारा सुटायच्या दिवसांत वडील पत्र्यावर चार दगड जास्त ठेवायचे, की झाली घराची देखभाल. त्यामुळे घराला माणसासारखं वर्षभर सांभाळावं लागतं हे मला आत्याकडे आल्यावर कळलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. लिहायची सवय नाही, आणि एखाद्या माणसावर लिहावं एवढा आपला अधिकार आहे का, असंही मनात येतं. पण आत्याबद्दल लोक जे बोलतात ते ऐकून माझ्या डोक्यात राग बसला आहे. तो बोलून जात नाही, म्हणून लिहून बघते.

आत्याचं वर्ष गच्चीपासून सुरू होतं. ऊन तापायला लागलं की ती खराटा, तारेचा ब्रश आणि सिमेंटची बादली घेऊन वर जाते आणि स्लॅबवरच्या चिरा शोधते. डोळ्यांना दिसत नाहीत त्या चिरा तिला अनवाणी पायांना लागतात. गच्चीवर चप्पल घालून जायची कुणालाही परवानगी नाही. शेजारच्या काकूंनी एकदा साडीवर कुरडया वाळत घातल्या आणि ती उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. आत्याने कुरडया जपून उचलल्या, ताटात भरल्या, काकूंच्या दारात नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, "कुरडया तुमच्या चांगल्या झाल्यात. दगडं मात्र तुमच्या स्लॅबवर ठिवा." केबलवाल्याचं तर याहून वाईट झालं. त्याने न विचारता कठड्याला भोक पाडलं. आत्याने जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि खिडकीतून त्याला सिमेंटचा गोळा दिला. "भोक बुजव, मग खाली ये." तो म्हणाला, "आवं मावशी, वायर कुठनं न्यायची मग?" आत्या म्हणाली, "तुझ्या घरातनं ने." संध्याकाळपर्यंत तो भोक बुजवून, वर हात फिरवून, गुळगुळीत करून खाली आला. आत्याने त्याला चहा दिला, पण टीव्ही त्या घरात अजून मोबाइलवरच बघतात.

कठड्याच्या सांदीत दरवर्षी पिंपळाचं रोप उगवतं. पिंपळ तोडायचा नाही, आणि घरात ठेवायचा तर नाहीच. मग आत्या आधी त्याला हात जोडते, मग त्याला शिव्या देते, मग मुळासकट सोडवून पदरात घेते आणि ओढ्यापलीकडच्या देवळामागे लावून येते. देवळामागे आता चांगली सावली झाली आहे. तिथे पत्ते खेळत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ठाऊक नाही की ते आमच्या गच्चीखाली बसले आहेत.

श्रावणात दारं फुगतात. आत्या मेणबत्ती घेऊन प्रत्येक दाराच्या कडेला घासते आणि सोबत दाराची उणीदुणी काढते. एकदा मामांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे, एक मित्र गावाला जाता जाता हातपाय धुवायला थांबले. त्यांनी न्हाणीचं दार लावून घेतलं आणि ते अडकलं. आत्याला आत कोणी आहे याचा पत्ताच नव्हता. ती मेणबत्ती घेऊन आली आणि दाराला म्हणाली, "दर साली तुझं हेच! खाऊन खाऊन फुगायचं आन् जागचं हलायचं न्हाई. लाज वाटती का?" आतून बारीक आवाज आला, "वैनी, मी निघतोच हाय, चहा पण नको." त्यानंतर ते गृहस्थ आमच्याकडे आले नाहीत.

सगळ्यात गाजलेला प्रकार माधवनगरचा. माझ्या चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला आम्ही गेलो होतो आणि मोठं माणूस म्हणून आत्याला पुढे बसवलं होतं. ती पोहे हातात घेऊन सगळा वेळ छताकडे बघत होती. मुलाने नोकरी सांगितली, शिक्षण सांगितलं, आत्या वरच बघतेय. मुलाच्या आईला वाटलं, बाई देवाचं नाव घेतायत. परत येताना काकांनी विचारलं, "अक्का, कसा वाटला मुलगा?" आत्या म्हणाली, "पोराचं काय म्हाईत न्हाई. पर हॉलच्या कोपऱ्यात ओल हाय आन् त्याच्यावर त्यांनी कॅलेंडर लावलंय. जी माणसं ओल झाकत्यात ती आनखी काय काय झाकत असतील?" स्थळ मोडलं. बहीण महिनाभर आत्याशी बोलली नाही, कारण तिला मुलगा आवडला होता.

असं सगळं असल्यामुळे लोक हसतात. हसण्याचं मला काही वाटत नाही, मीही हसते. पण दिवाळीत आणि गावच्या जत्रेला पाहुणे येतात, रंगवलेल्या भिंतीवर बोट फिरवून बघतात आणि आतल्या खोलीत कुजबुजतात, "एकटी राहून राहून बाईचं जरा सरकलंय." तेव्हा मला इतका राग येतो की ताटं जोरात आपटावीशी वाटतात. एकटी राहून, हे तर सगळ्यांना दिसतं. एकटी कशामुळे, हे कुणी विचारत नाही.

मामांचं कोइमतूरला गलाईचं दुकान. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं, हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा धंदा आहे. इथे सुंदर बंगले आहेत आणि बंगल्यांचे मालक देशभर भट्टीपुढे बसले आहेत. लग्न झालं त्याच वर्षी मामा तिकडे दुकानात गेले. घर बांधलं आत्याने, पाणी मारलं आत्याने, मुलाला वाढवलं आत्याने, आणि मुलगा मोठा झाल्यावर तोही दुकानात गेला. मामा दर रविवारी फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "घर बरं हाय न्हवं?" आत्या ताडकन म्हणायची, "घर बरं हाय. तुमी घराशी लगीन केलंयसा, त्याचीच चौकशी करा." मामा हसायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री बोलव, मिस्त्री." मला मामांचा राग यायचा. एवढ्या लांबून माणसाला मिस्त्री बोलवायला सांगणं किती सोपं आहे.

गेल्या वर्षी दुकान मुलाच्या हाती देऊन मामा गणपतीला घरी आले. कायमचे येणार असं आत्याला वाटलं होतं. तिने कपाटाचा एक अख्खा कप्पा रिकामा करून ठेवला होता. मामांनी पहिल्याच जेवणाला सांगितलं, "दिवाळीपतोर राहून बघतो. करमलं तर राहीन, न्हाईतर जाईन माघारी." भाकरी थापताना आत्याचा हात असा पडत होता की परात उडत होती. कप्पा तसाच राहिला. मामांचे कपडे बॅगेतच होते.

मामा स्वभावाने गरीब, पण त्यांना घरात कसं राहायचं हेच माहीत नव्हतं. गलाईच्या दुकानात काही वाया जाऊ द्यायचं नसतं. केर टाकायचा नाही, हात धुतलेलं पाणी सोडायचं नाही, कारण त्यात सोन्याचा कण असू शकतो. मामा इथेही तसेच वागायचे. आत्याने केर काढला की ते सुपली अडवून आत बघायचे. हात धुताना खाली पातेलं धरायचे. आत्या म्हणायची, "आवं, भाजीचं हात हाईत, सोन्याचं न्हाईत!" मामा ओशाळून पातेलं ओतायचे, पण ओतायच्या आधी एकदा हलवून तळ बघायचेच.

दिवाळीचा रंग देऊन झाला आणि परतीचा पाऊस आला. आमच्याकडे वर्षाचा खरा पाऊस हाच. दुपारी मी हॉलमध्ये अभ्यास करत होते. पंख्याच्या कडीपासून एक थेंब वहीवर पडला, मग दुसरा, आणि मग नव्या रंगासकट गिलाव्याचा एक मोठा पोपडा सोफ्यावर आदळला. आत्या स्वयंपाकघरातून आली, वर बघितलं आणि जिना चढून गेली. मी मागोमाग. गच्चीचं तळं झालं होतं. मामा पावसात उकिडवे बसून पाण्यात हात घालून काहीतरी चाचपत होते. पाणी जाण्याच्या भोकाला त्यांनी बारीक जाळी बसवली होती, दुकानातल्या मोरीला असते तशी. कधी बसवली, कुणाला ठाऊक. त्यात पानं, माती, सगळं अडकून जाळी गच्च बसली होती. पाणी खाली जायला जागाच नव्हती.

आत्याने साडी खोचली, पाण्यात बसून जाळी दोन्ही हातांनी उपटली आणि लांब भिरकावली. भोकातून पाणी गरगरत निघालं. मग ती उभी राहिली. मी तिला घरावर रागावताना रोज ऐकलं होतं. पण हा राग मी ऐकला नव्हता.

"कुणी सांगितलं व्हतं? ह्यो स्लॅब व्हातं पाणी सोसतो, साचल्यालं सोसत न्हाई. लगीन झाल्यापास्नं मी ह्या घरातनं पाणी बाहीर काढतेय, आन् तुमी आलासा तर अडवून बसलासा!"

मामा खाली बघत म्हणाले, "धंद्याची सवय हाय गं. काय जाऊ द्यायचं म्हटलं की जीव धजत न्हाई."

"व्हय? जीव धजत न्हाई?" आत्याचा आवाज एकदम खाली आला. "माती चाळून ठेवलीसा. हात धुतल्यालं पाणी ठेवलंसा. कण सोडला न्हाईसा. बायकू तेवढी बरी सोडून गेलासा."

पाऊस पडत होता. खरं सांगायचं तर मामांनी काही उत्तर दिलं असतं तर मलाच राग आला असता. आत्या खाली गेली. तिने सोफा पुसला, माझी वही चुलीजवळ वाळत ठेवली आणि रात्री आम्हा दोघांना न बोलता वाढलं. मला वाटलं, संपलं. मामांची बॅग भरलेलीच होती.

सकाळी उठले तर हॉलमध्ये खरवडल्याचा आवाज. मामा स्टुलावर उभे होते. चष्मा नाकावर, हातात एवढीशी पत्ती. छताचा सुटलेला गिलावा ते बोटभर बोटभर काढत होते, फुंकर मारत होते, मान वाकडी करून बघत होते. जणू छत नाही, कुणाची तरी अंगठी आहे. आत्या चहाचा कप घेऊन दारात आली. थोडा वेळ तिने बघितलं. मग तिला राहवेना.

"हे असं कराय लागलासा तर पुढच्या दिवाळीला हुईल."

मामांनी खाली बघितलंसुद्धा नाही. "हुंदे की. पुढच्या दिवाळीला मी हाय हितंच."

आत्याने कप स्टुलाजवळ ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मामांच्या बॅगेची चेन ओढल्याचा. मी वाचायचं सोडून तशीच बसून राहिले. मामांवर एवढी वर्षं धरून ठेवलेला माझा राग कुठे ठेवावा, ते मला कळेना.

आता मी पुढच्या शिक्षणासाठी सांगलीला वसतिगृहात आहे. इथे छताला ओल आहे आणि त्यावर कोणी रागावत नाही. मी आत्याला फोन करते तेव्हा तिच्याशी धड बोलणंच होत नाही. "थांब गं, ह्यांनी टाकीचं झाकण उघडं ठिवलंय," असं म्हणून ती फोन ठेवते. पूर्वी ती प्रत्येक वेळी विचारायची, कवा येतीस? आता विचारत नाही. मला आनंद होतो, आणि का कोण जाणे, थोडा रागही येतो.