हिरव्या वायरचे दुसरे टोक

ती घटना मला आजही आठवते, आणि बहुतेक वेळा नळ उघडतानाच आठवते.

परळ भागातल्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. भोईवाड्याजवळच्या एका चाळीत सकाळी पाणी भरताना मोरीतल्या नळाला हात लागला आणि एक बाई विजेच्या धक्क्याने जागीच गेल्या. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुपारी ठाण्यात निनावी फोन आला : "शेजारच्याला धरा. तिला म्हणाला होता, हात लावाल तर चिकटाल."

हा शेजारी, एक तरुण मुलगा, गणपतीची मखरे बनवायचा. राहत्या खोलीतच कटर, रंधा मशीन आणि कॉम्प्रेसर. आवाजावरून त्याची बाईंशी सतत कुरबुर. त्या सकाळीही मशीन चालू होती. चाळीत माणसे तापली होती, त्यामुळे त्याला ठाण्यात आणणे त्याच्याच जिवासाठी गरजेचे होते.

चौकशीत त्याने ते वाक्य नाकारले नाही. काकू चिडून वायर उपटायला आल्या म्हणून बोललो, म्हणाला. मग एकच धोशा : "साहेब, जाडी वायर टाकलीय, अर्थिंग केलंय. वडिलांच्या हातचं आहे."

वाद होता, धमकी होती, मशीन होती. खुनाचा गुन्हा दाखल करायची माझी तयारी झाली होती. त्याला शब्दात पकडावे म्हणून विचारले, "अर्थिंग दिलंय कुठे?"

"नळाच्या पाइपाला. आमच्या चाळीत सगळ्यांचं तसंच आहे."

विद्युत निरीक्षक आणि पंचांना घेऊन आम्ही खोलीवर गेलो. प्लगमधून निघालेली हिरवी वायर त्याच्या मोरीतल्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती. तोच पाइप भिंतीतून शेजारच्या नळाला जात होता. पूर्वी तो खाली जमिनीत उतरायचा. आता जिन्याजवळ त्याच्या जागी नवाकोरा पांढरा प्लास्टिकचा पाइप होता. कटरच्या आतली वायर घासून वीज सांगाड्यात उतरली, हिरव्या वायरने पाइपात गेली, आणि पुढे जमिनीत जायला वाट उरली नव्हती. तो रबरी चपला घालून फळीवर उभा, त्याला काही जाणवले नाही. काकू ओल्या मोरीत अनवाणी होत्या.

पाइप कोणी बदलला, मी विचारले. बाईंचे यजमान गॅलरीतच उभे होते.

"मीच. गंजाचं पाणी यायचं. तिला उलट्या व्हायच्या."

पंचनामा त्यांना वाचून दाखवला. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "जुना पाइप असता तर वाचली असती?"

"बहुतेक," मी म्हणालो.

त्यांनी कठडा धरला. मग हळूच म्हणाले, "फोन मीच केला होता, साहेब. सोडा त्याला. मखरं राहिलीत त्याची."

खुनाचा संशय मिटला, तरी निष्काळजीपणाचे कलम त्या मुलाला लागलेच.

पुढे मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, पण कुणाच्या घरी मोठी मशीन दिसली की हिरवी वायर कुठे जाते ते मी अजून विचारतो. अशा मशीनला मीटरपासून स्वतंत्र लाइन हवी, जमिनीत नीट अर्थिंग हवे, गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा, आणि दरवर्षी कुणी जाणत्याने तपासायला हवे. आरोपींना खरे बोलायला लावण्यात माझी सगळी नोकरी गेली. बायकोच्याच भल्यासाठी पाइप बदललेल्या माणसाला स्वतः खरे सांगणे किती जड जाते, हे मला त्या गॅलरीत त्या एका "बहुतेक"ने शिकवले.