मुजऱ्याचे पान

रस्ता कसा ओलांडावा या विषयावरची पुस्तके मी जितकी वाचली आहेत, तितकी कुणी हौसेने वाचली नसतील. मीही हौसेने वाचली नाहीत. महाराजांच्या राज्यात, बडोद्याच्या एका मुलांच्या वाचनालयात मी नोकरीला होते. आमच्या संस्थानाची रीत अशी, की कोणतीही अडचण उभी राहिली की तिच्यावर आधी पुस्तक निघायचे. प्लेगावर निघाले, पिण्याच्या पाण्यावर निघाले, बाळाच्या टाळूवर तेल किती घालावे यावरही निघाले. गावात मोटारी वाढल्या तेव्हा रस्त्यावरही निघणार हे उघड होते, आणि ते लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, घरात फक्त म्हातारे वडील. तेव्हा हिच्याकडे वेळ असणारच, असे आमच्या खात्याच्या साहेबांना वाटले असावे. वेळ होता, पण अंगात त्राण नव्हते.

नमुन्यादाखल माझ्या टेबलावर पुस्तकांचा एक गठ्ठा येऊन पडला. त्यात विलायतेची चित्रांची पुस्तके होती. गुबगुबीत मुले दाईचा हात धरून उभी, समोर हात वर केलेला धिप्पाड पोलीस, आणि रस्ता इतका स्वच्छ की पाट मांडून जेवायला बसावे. वाचनालयातल्या मुलांना ती चित्रे दाखवली तर त्यांनी एवढेच विचारले, की यांच्या रस्त्यावर गाई का नाहीत. आमच्या दारापुढून मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टांगे, गवताच्या उंटगाड्या, सायकली, रवंथ करत बसलेल्या गाई आणि सणासुदीला झूल घातलेला हत्ती, एवढे सगळे असायचे. त्यातून मोटार भोंगा वाजवत यायची, आणि कुणी कुणाला वाट द्यायची हे काही ठरलेले नसायचे.

बाकीची पुस्तके गोष्टींची होती. कासव रस्ता ओलांडते, खार ओलांडते, कोंबडी पिलांची रांग लावून ओलांडते. गोष्टीतली जनावरे नेहमी सुखरूप पलीकडे पोहोचतात आणि उपदेशाच्या पुस्तकातली मुले शेवटच्या पानावर नेहमी चिरडली जातात. दोन्ही वाचून वाचून माझे डोके उठले होते. आमची मुले शाळा सुटली की यायची, पुस्तक बदलायची, थोडी भांडायची आणि घरी जायची. एक मूल रस्ता ओलांडते आणि घरी जाऊन जेवते, एवढेच मला लिहायचे होते. पण एवढ्याचे पुस्तक होत नाही, असे साहेब म्हणाले.

आता वडिलांविषयी सांगायला हवे. त्यांची सारी नोकरी राजवाड्याच्या खानगी खात्यात गेली. सवारी निघाली की कुणी कुठे उभे राहायचे आणि कुणी किती वाकायचे, हे पाहणे त्यांचे काम. बडोद्यात पहिल्या मोटारी आल्या त्या राजवाड्याच्याच. त्यामुळे भोंगा ऐकू आला म्हणजे सरकार आले, हे त्यांच्या अंगात जे मुरले ते मुरलेच. भोंगा वाजला की ते असतील तिथे थांबायचे, उपरणे सावरायचे आणि वाकून तीनदा मुजरा करायचे. पुढे मोटारी डॉक्टरांनी घेतल्या, पेढीवाल्यांनी घेतल्या, कापसाचे गठ्ठे वाहणाऱ्या लॉऱ्या आल्या. वडिलांचा मुजरा मात्र होता तसाच राहिला. ते रस्त्याच्या मधोमध असले तर मधोमध थांबायचे.

मी त्यांच्याशी वाद घालून घालून थकले. सरकार विलायतेला गेलेत, आज कुणाला मुजरा केलात, असे एकदा विचारले, तर म्हणाले, "सरकार नसले तरी गाडी इथंच आहे ना?" मी म्हटले, ती गाडी सुताच्या दलालाची होती. त्यावर, आत कोण बसलंय हे डोकावून पाहणे आपले काम नव्हे, असे उत्तर मिळाले. चिडून काही उपयोग नव्हता. ज्या माणसाने जन्मभर एकच गोष्ट अचूक केली, त्याला म्हातारपणी ती चूक आहे असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

खरी पंचाईत संध्याकाळी व्हायची. मुलीने तिन्हीसांजेला एकटीने घरी येणे बरे दिसत नाही, म्हणून ते रोज दांडिया बाजारातल्या आमच्या घरून मला न्यायला यायचे. परतताना मीच त्यांचा दंड धरून त्यांना सांभाळून आणायची, ती गोष्ट वेगळी. पण येताना ते एकटे असायचे, आणि वाचनालयासमोरचा रस्ता त्यांना एकट्याने ओलांडावा लागायचा. त्या वेळेला माझे लक्ष कशातही लागत नसे. हातात मुलाने परत केलेले पुस्तक आणि डोळे खिडकीबाहेर. एक दिवस आपला बाप आपल्या डोळ्यांदेखत मोटारीखाली जाणार, ही धास्ती घेऊन मी ती वर्षे काढली. तिकडे साहेब विचारायचे, पुस्तक कुठवर आले.

पुस्तकाचा खर्डा मी घरी वडिलांना वाचून दाखवला. भाषा त्यांची चोख होती आणि चूक काढायची हौस दांडगी. लहानांनी मोठ्यांचा हात धरावा, असे मी लिहिले होते. ते त्यांना पटले नाही. म्हणाले, हात सगळेच धरतात आणि ऐन वेळी सोडतात. मग त्यांनीच वाक्य सांगितले, "पलीकडे पाय टेकेपर्यंत धरलेला हात सोडू नये, काहीही झाले तरी." मी ते तसेच लिहून घेतले, कारण माझ्या वाक्यापेक्षा ते बरे होते.

खर्डा साहेबांकडून परत आला तो एका शेऱ्यासह. सरकारची सवारी आल्यास मुलांनी काय करावे, याचे एक पान घालावे. वडिलांना हे कळले तेव्हा त्यांची कळी खुलली. कचेरीत एक तरी शहाणा माणूस उरला आहे म्हणायचा, असे म्हणत त्यांनी ते पान उभे राहून मला सांगितले. सरकारची गाडी येताच जागच्या जागी थांबावे, चुळबुळ करू नये, नजर खाली ठेवावी आणि मुजरा करावा. मी लिहीत गेले. दिवसभराच्या कामाने माझे डोळे मिटत होते.

दरम्यान रस्त्यावर निराळेच काही चालले होते. गावातले मोटारवाले वडिलांना ओळखू लागले होते. त्यांची पगडी दिसली की ब्रेक दाबायचे. म्हाताऱ्याला कोण उडवणार, आणि आत बसलेल्या शेटजींनाही कुणी मुजरा केलेला आवडतच असणार. वाचनालयातल्या मुलांच्या हे बरोबर ध्यानात आले. संध्याकाळी ती आमच्या पायऱ्यांवर पुस्तके घेऊन बसून राहायची. वडील रस्त्याच्या मध्यावर आले, भोंगा वाजला, ते वाकले आणि मोटार थांबली, की ही सगळी फौज त्यांच्या पाठीमागून पलीकडे पळायची. खिडकीतून ते पाहताना मला हसू यायचे आणि धास्तीही वाटायची. मुलांना मी दटावले. ती माझ्यासमोर मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्यांवर बसायची.

मग एकदा वडील तापाने पडले. त्या संध्याकाळी ते येणार नव्हते, पण मुलांना ते माहीत नव्हते. ती बराच वेळ वाट पाहत बसली. त्यांत एक दुसरीतली मुलगी होती, गुजराती घरातली, पण मराठी गोष्टी ऐकायला रोज येणारी. तिला उशीर होत होता. तिने पुस्तक काखेत मारले, रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि समोरून येणाऱ्या लॉरीला, अगदी वडील करायचे तसा, वाकून मुजरा केला.

लॉरी बाहेरगावची होती. ड्रायव्हरला पगडीही ठाऊक नव्हती आणि मुजराही. त्याने चाक फिरवले आणि लॉरी जनावरांना पाणी पाजायच्या दगडी हौदावर आदळली. मी खिडकीतून पायऱ्यांपर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. मुलगी जमिनीवर बसली होती, गुडघा सोलवटलेला, पुस्तक गटारात. ड्रायव्हर खाली उतरला. तो मला म्हणाला, "बेन, छोकराओने आ शुं शिखवो छो?" पोरांना हे काय शिकवता, असे तो विचारत होता. मुलगी रडत नव्हती, तिला राग आला होता. आजोबांसाठी थांबतात, मग माझ्यासाठी का नाही थांबले, असे ती मलाच विचारत होती.

तिला तिच्या घरी पोहोचवून मी घरी आले. वडील अंथरुणावर पेज पीत बसले होते. मी चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, आज एक पोर मेली असती. तुमच्यासारखा मुजरा करत होती," मी म्हटले. मग इतक्या वर्षांचे सगळे बोलून टाकले. खिडकीतली धास्ती, दलालाची गाडी, सगळे. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग तिला कुठे लागले, एवढे विचारले, आणि मी सांगितल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाईट वाटले, पण शब्द परत घ्यावेत असे वाटले नाही.

मुजऱ्याचे ते पान काढावे म्हणून मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले. फार तर जागच्या जागी ऐवजी रस्त्याच्या कडेला असे घाला, म्हणाले, पण सरकारच्या सन्मानाचे पान एकदा घातल्यावर काढायचे कोणी? भांडायला माझ्यात दम नव्हता. पुस्तक त्या पानासकट छापून निघाले आणि गावोगावच्या शाळांत गेले.

ताप उतरल्यावर वडील पुन्हा मला न्यायला यायला लागले. पहिल्या दिवशी मी खिडकीत होते. ते पलीकडच्या कडेला थांबले. एक मोटार भोंगा वाजवत आली, आणि त्यांचा हात कमरेपासून उचलला गेला आणि पुन्हा खाली आला. मोटार गेल्यावर ते संथपणे रस्ता ओलांडून आले. पायऱ्यांवरच्या मुलांना त्यांनी उभे केले, दोघांना स्वतःच्या दोन हातांना धरले आणि बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरायचे असे बजावले. त्या मुलांत ती गुडघ्याला पट्टी बांधलेलीही होती. तिला त्यांनी उजव्या हाताला घेतले आणि सगळी रांग पलीकडे नेली. तेव्हापासून हेच रोज चालू झाले, आणि मी खिडकीत उभे राहणे सोडले.

पुढच्या हिवाळ्यात एकदा मी काम आटोपून पायऱ्यांवर आले होते. वडील मुलांची रांग घेऊन रस्त्याच्या मध्यावर पोहोचले होते, तोच मांडवीच्या बाजूने राजवाड्याची मोटार आली. खरीखुरी, निशाण लावलेली. पुढे दोन स्वार होते. दुकानदार गाद्यांवरून उठले, टांगेवाले खाली उतरले आणि सगळा रस्ता वाकला. वडील थांबले. स्वारांपैकी एकाने त्यांना ओळखले असावे, कारण त्याने त्यांच्याकडे रोखून पाहिले. वडिलांनी मान खाली घातली, पण हात हलवले नाहीत. मग मुलांना घेऊन ते तसेच सरळ पलीकडे गेले, आणि मोटार त्यांच्या पाठीमागून निघून गेली.

घरी जाताना मी त्यांचा दंड धरला होता. पाऊल जड पडत होते, त्यांचेही आणि माझेही. शेवटी न राहवून मी म्हटले, की क्षणभर मुलांचे हात सोडले असते तर चालले असते. सरकार आत असतील.

"असतील," ते म्हणाले. "पण पोरं अजून पलीकडे पोचली नव्हती."