दोन नंबरचा हुकूम, दहा नंबरचं पाणी

तारबाईचं खरं नाव गिरणीत फारसं कुणाला आठवत नसे. कापड रंगवणाऱ्या त्या गिरणीत बावीस वर्षं ती कॉम्प्युटर सांभाळत होती. गळ्यात कायम एखादी केबल लोंबत असायची, म्हणून तारबाई. रागीट म्हणून तिची ख्याती नव्हती. उलट, साहेब लोक तिला गरीब गाय समजत, आणि त्यातच त्यांचं चुकलं.

रंगखात्यात सोळा टाक्या होत्या. प्रत्येक टाकीवर एक कंट्रोलर. किती गरम पाणी सोडायचं, किती वेळ ढवळायचं, हे तो हुकमानुसार करायचा. हुकूम यायचा काचेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून, प्रत्येक टाकीच्या स्वतंत्र तारेनं. कॉम्प्युटरला अशा सोळा तारा खोचायला जागा कुठून असणार? म्हणून आत दोन कार्डं बसवलेली होती. एकेका कार्डाला आठ पोर्ट, म्हणजे तारा खोचायची आठ तोंडं. कार्डाशी बोलायचं काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम करायचा. तो पोर्टांना नंबर द्यायचा, आणि तारबाईनं लिहिलेला मोठा प्रोग्रॅम त्या नंबरानं हाक मारायचा. पहिल्या कार्डावर एक ते आठ टाक्या, दुसऱ्यावर नऊ ते सोळा. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं.

मंगळवारी ती रजेवर होती. लेक घर बदलत होती, तिचं सामान लावून द्यायला गेली होती. बुधवारी सकाळी गिरणीत पाय ठेवला तर रंगखातं बंद. यंत्रांची घरघर नाही, वाफ नाही. पहारेकऱ्यानं सांगितलं, "बाई, थर्मामीटर भाजला."

थर्मामीटर म्हणजे रंगखात्यातला सर्वांत जुना ऑपरेटर. टाकीच्या पत्र्यावर बाहेरून तळहात टेकवून आतल्या पाण्याची डिग्री सांगायचा, आणि एका-दोनापलीकडे कधी चुकायचा नाही. दहा नंबरची टाकी धुवायला तो आत वाकला होता. अचानक उकळतं पाणी सुटलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डाव्या हातानं त्यानं टाकीशेजारचं लाल बटण दाबलं, म्हणून निदान तोंड वाचलं.

मॅनेजरनं तिला आत बोलावलं. त्याच्यासमोर टाइप केलेला अहवाल तयार होता.

"मॅडम, कालच्या नोंदी छापून द्या आणि खाली सही करा. दहा नंबरला कॉम्प्युटरवरून हुकूम गेलेला नाही, एवढंच दाखवायचंय. त्यानं स्वतः व्हॉल्व उघडला असणार. वय झालंय त्याचं. निलंबनाचं पत्र गेलंय."

"भाजलेल्या माणसाला निलंबनाचं पत्र?"

"नियम आहे."

तिनं नोंदी छापल्या. खरंच, दहा नंबरच्या रकान्यात काही नव्हतं. दिवसभर टाकी थंड, रिकामी, स्वस्थ. तिनं पेन उघडलंही. मग सवयीनं बाकीचे रकाने वाचले आणि दोन नंबरवर थबकली. अकरा वाजून दोन मिनिटांनी सुपरवायझरनं दोन नंबरला गरम पाण्याचा हुकूम दिला. अकरा वाजून चार मिनिटांनी दोन नंबरचं लाल बटण दाबलं गेलं.

पण थर्मामीटरनं तर दहा नंबरचं बटण दाबलं होतं.

ती कागद घेऊन तशीच रंगखात्यात गेली. दोन नंबरचं झाकण उघडलं. आत आदल्या दिवशी भरलेलं कापड होतं. तिनं हात घातला. नोंदीप्रमाणे ज्या कापडावर दोन मिनिटं उकळतं पाणी पडलं होतं, ते खडखडीत कोरडं होतं.

काचेच्या खोलीत येऊन तिनं कॉम्प्युटरमधली पोर्टांची यादी उघडली. ड्रायव्हर नवा होता, मंगळवारी सकाळी दहा वाजता बसवलेला. साहेबांनीच कंपनीचा माणूस बोलावला होता, सुपरवायझर म्हणाला. जुना ड्रायव्हर वरचं कार्ड आधी मोजायचा, नवा खालचं. पहिलं कार्ड दुसरं झालं होतं, दुसरं पहिलं. एक नंबरची हाक नऊला जात होती, दोनची दहाला. आणि दहाची टाकी जे बोलेल ते पडद्यावर दोनच्या नावानं उमटत होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीत एक काडी तिची स्वतःचीही होती, हे तिला त्याच क्षणी कळलं. बावीस वर्षांपूर्वी प्रोग्रॅम लिहिताना तिनं कंट्रोलरला त्याचा नंबर कधी विचारलाच नव्हता. तारेच्या टोकाला ठरलेली टाकी सोडून दुसरं कोण असणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. पुढे शहाणपण आलं, तेव्हा तिनं मॅनेजरला लेखी मागितलं होतं: अर्धा दिवस खातं बंद ठेवा, मी ही सोय करते. त्यानं त्याच कागदावर लिहून परत पाठवलं होतं, "चालतंय ना? मग चालू दे." तो कागद तिच्या कपाटात होता. आणि आता त्याच प्रोग्रॅमनं थर्मामीटरविरुद्ध खोटी साक्ष दिली होती, तिच्या सहीची वाट बघत.

कार्ड पुरवणाऱ्या कंपनीला तिनं फोन लावला. पलीकडचा आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"मॅडम, आमचा माणूस सगळं तपासून गेला. सोळाही पोर्ट चालू होते."

"चालू होते, पण उलटे! नंबर बदलले हे सांगितलं का कुणाला?"

"पुस्तिकेत आहे ना, मॅडम. नव्या ड्रायव्हरमध्ये क्रम बदलू शकतो. परिशिष्टात."

"परिशिष्टात माणूस भाजतो का हो तुमच्या?" तिनं फोन असा आपटला की सुपरवायझर दोन पावलं मागे सरकला.

दुपारी ती इस्पितळात गेली. थर्मामीटर औषधाच्या गुंगीत होता. त्याची बायको बाकावर बसली होती, मांडीवर निलंबनाचं पत्र.

"तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना?" ती म्हणाली. "तुमच्या कागदावर लिहिलंय म्हणे, चूक यांची. आत वाकायच्या आधी यांनी पत्र्याला हात लावून बघितलं होतं, वहिनी. थंड होती टाकी. एकतीस वर्षं यांनी हात लावल्याशिवाय झाकण उघडलेलं नाही. तुमचा कागद तिथे होता का बघायला?"

"नव्हता," तारबाई म्हणाली. आणि ती परत फिरली.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शिंपी; मशीनवर पाय चालूच ठेवून ऐकत होता. आतून सासूबाई ओरडल्या, "ड्रायव्हर बदलला आणि अपघात झाला? नवा प्यायलेला होता का गं?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी म्हणाली, "नाही हो आई. नवा शुद्धीवर होता. बाकी आम्हीच सगळे झोपलो होतो."

नवऱ्यानं मशीन थांबवलं. "सही करू नकोस, एवढंच सांगतो. नोकरी गेली तर बघू."

गुरुवारी चौकशीची बैठक होती. मॅनेजर, सुपरवायझर, मालकांकडून आलेल्या एक बाई आणि कामगारांचा प्रतिनिधी. मॅनेजरनं अहवाल पुढे सरकवला. तारबाईनं तो उलटा करून ठेवला.

"आधी खाली चला. पाच मिनिटं लागतील."

"मॅडम, खातं काल संध्याकाळी सील केलंय."

"मग सील तोडा. माणसाला दोषी ठरवायला तुम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत."

मालकांच्या बाई उठल्या, म्हणून बाकीचेही उठले. रंगखात्यात तारबाईनं सगळ्यांना पिवळ्या रेषेच्या मागे उभं केलं, दहा नंबरचं झाकण लावून घेतलं आणि दोन नंबरचंही. मग काचेच्या खोलीत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "दोन नंबर, गरम पाणी!" आणि बटण दाबलं.

दोन नंबर गप्प. पलीकडे दहा नंबर भसाभस गरजायला लागली. झाकणाच्या फटीतून वाफेचा लोट आला.

तिनं थांबवलं. मग मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे प्रोग्रॅम चुकला. म्हणजे मॅडम, तुमची चूक."

"हो, माझी," तारबाई म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की कामगारांचा प्रतिनिधीसुद्धा तिच्याकडे बघत राहिला. "लिहा ना! पहिली ओळ माझीच लिहा. मी टाकीला नंबर विचारला नाही. दुसरी ओळ कंपनीची. नंबर बदलले आणि तोंड बंद ठेवलं. तिसरी तुमची, साहेब. मी रजेवर असताना, मला एक फोन न करता, ज्या दिवशी माणसं टाक्या धुवायला आत वाकतात त्याच दिवशी ड्रायव्हर बदलायला लावला. आणि हा तुमच्या हातचा कागद: 'चालतंय ना?' तो चौथ्या ओळीत. ज्याच्या नावावर तुम्ही सगळं खापर फोडलंत, त्याच्यासाठी एकही ओळ उरत नाही."

मालकांच्या बाईंनी तिच्या हातातून कागद घेतला, दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला.

निलंबन मागे घेतलं गेलं. उपचार गिरणीनं केले. अहवाल नव्यानं लिहिला गेला, पण त्यात तीनच ओळी होत्या. मॅनेजरच्या दोन्ही ओळींची मिळून "समन्वयाचा अभाव" अशी एक झाली होती. तारबाईनं त्याखाली सही करताना स्वतःच्या हातानं चौथी ओळ लिहिली. तिला ताकीद मिळाली, मॅनेजरला दुसरं खातं. तो जिन्यात भेटला की नमस्कार करायचा. ती कधी उत्तर द्यायची नाही.

प्रोग्रॅम दुरुस्त करायला तिला दोन दिवस पुरले. आता प्रत्येक हुकमाआधी कॉम्प्युटर विचारतो, तू कितवी टाकी? उत्तर जुळलं नाही तर पाण्याचा थेंब सुटत नाही. दोन दिवसांचं काम बावीस वर्षं राहिलं होतं, हे तिनं स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

चार महिन्यांनी थर्मामीटर परतला. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, तळहाताला ऊन की गार कळत नव्हतं. त्याला काचेच्या खोलीत बसवलं. पहिल्या दिवशी तारबाई त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाली, "भाऊ, चूक माझीही होती."

"जाऊ द्या हो ताई."

"जाऊ कसं देऊ? शिव्या घाला, पण जाऊ द्या म्हणू नका."

त्यानं डाव्या हातानं कप बाजूला सारला आणि बोलायला लागला. एकतीस वर्षांत कुणी त्याच्या तोंडून ऐकले नसतील असे शब्द होते ते, आणि त्यांतले बरेचसे तिच्यासाठी होते. सुपरवायझर दार लोटून निघून गेला. तारबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.