कॉम्प्रेसर बंद ठेवायचा फोन

सत्तरच्या दशकात मी वाशीमकडच्या एका सबस्टेशनात ऑपरेटर होतो. पॅनलवर फ्रिक्वेन्सीचं मीटर होतं. काटा पन्नासावर असला की वीज पुरते आहे असं समजायचं. मागणी वाढली की तो घसरे, आणि फार घसरला की वरून हुकूम येई, भार कमी करा. म्हणजे एखादी लाइन बंद करा. मग पिठाच्या गिरण्या थांबत, दवाखान्यातला पंखाही थांबे, आणि शिव्या खायला आम्ही होतोच.

म्हणून मी आपली अक्कल चालवली. गावाबाहेर दूध गार करायचं केंद्र होतं. तिथल्या पाण्याच्या टाकीत नळ्यांवर बर्फाचा जाड थर धरायचा. तो नीट धरलेला असला की कॉम्प्रेसर दीड-दोन तास बंद राहिला तरी दुधाला काही होत नसे. एवढ्याने राज्याचा काटा हलत नाही, हे मलाही कळत होतं. पण माझ्या वाट्याचा भार उतरायचा, आणि पुष्कळदा लाइन बंद करायची पाळी टळायची. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं.

तिथला मेकॅनिक शिरपूरकडचा, बौद्ध घरातला. त्याच्या घरात पगार आणणारा तो पहिलाच. होता रोजंदारीवर, पण पोळ्यापर्यंत पक्की ऑर्डर येईल म्हणून आस लावून बसला होता. आमचं वय सारखंच, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला तुमी म्हणायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नसे.

मी फोन करायचो, "गड्या, जरा थांबव."

"थांबवतो. पन चालू कवा करू ते तुमीच सांगजा. म्या मधातच चालू केलं त तुमची पंचाईत व्हायची."

माझा फोन येईपर्यंत तो बटणाला हात लावत नसे. हे सगळं तोंडी. वहीत एक अक्षर नाही, कारण असं परभारे सांगायचा मला अधिकारच नव्हता.

वैशाखातल्या एका दुपारी काटा घसरला. मी फोन केला.

"आज बर्फ पातळ हाय," तो म्हणाला. "लय येळ नोका लावू."

"अर्ध्या तासात सांगतो," मी म्हटलं.

दहा मिनिटांत वावटळ उठली. शेलूबाजारच्या लाइनवर झाड पडलं, एकामागून एक ब्रेकर पडून लाइनी बंद पडल्या आणि त्या धबडग्यात मी त्याला साफ विसरलो. त्याने दोनदा फोन लावला होता म्हणे. पण माझा फोन वरच्या ऑफिसशी बोलण्यात गुंतलेला. शब्द दिला म्हणून तो थांबून राहिला. संध्याकाळी टँकर आला तेव्हा इंझोरीकडच्या गावांतून आलेल्या कॅनांसकट सगळं दूध नासलं होतं.

आठवड्याने चौकशी झाली. दूध केंद्राच्या साहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. तो म्हणाला, सबस्टेशनातून फोन आला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी पक्की होती. फार तर एक ताकीद मिळाली असती, एखादी वेतनवाढ थांबली असती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मी फोन केला नाही."

तो साहेबांकडे वळला. मग म्हणाला, "मंग मलेच भास झाला असन, साहेब."

त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. फाटकाबाहेर तो सायकलला किल्ली लावत होता. मला खरं तर तोंड दाखवायला जागा नव्हती, तरी गेलो आणि विचारलं, "असं काहून म्हणालास? मी खोटं बोललो म्हणून सांगायचं होतंस."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"सांगतलं असतं," तो म्हणाला. "पन साहेबानं कोनाचं आयकलं असतं?"

तो सायकलवर बसून गेला. उत्तर मला ठाऊक होतं. साहेबांसमोर नाही म्हणालो, तेव्हाही ठाऊक होतं.