पलंगमामांची बिनसीटची सायकल

पलंगमामा गल्लीतल्या सायकलींच्या सीटा चोरतात, ही बातमी इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून निघाली आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर घरोघर पोचती झाली. पुरावा भक्कम होता. इस्त्रीवाल्याच्या सायकलीची सीट सोमवारपासून गायब होती. मंगळवारी त्याने मामांच्या शेडच्या फटीतून आत डोकावलं, तर भिंतीला टेकून एक सायकल उभी, आणि तिलाही सीट नाही. चोरलेली सीट माणूस आधी स्वतःच्या सायकलीला लावेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी कुणी बोललं नसतं. चांगल्या बातमीत असला खडा कोण टाकतो?

गुरुवारी इस्त्रीवाल्याला आठवलं की सीट फाटली म्हणून त्यानेच ती मेव्हण्याकडे कव्हर घालायला दिली होती. बातमी मागे घेतली गेली, म्हणजे ती मोठ्याने सांगणं बंद झालं. तरी मामांच्या सायकलीला सीट का नाही, हा प्रश्न उरलाच. धीर करून एकाने विचारलं. मामांनी सांगितलं, ह्या सायकलीवर बसायचंच नसतं. तो गृहस्थ घरी येऊन बायकोला म्हणाला, यापेक्षा चोरी बरी होती, निदान समजत तरी होती.

तर मामांविषयी. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाचे पलंग केले. लोखंडी नळ्या कापायच्या, वाकवायच्या, वेल्डिंगने जोडायच्या, आणि मग जोड घासायचा. हे घासणं म्हणजे मामांचा खरा अभिमान. पेशंटची कातडी खरचटता कामा नये, चादर अडकता कामा नये, सांध्यात मळ बसता कामा नये. म्हणून प्रत्येक जोडावर ग्राइंडर, मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी परीक्षा. कापसाचा बोळा घ्यायचा, डोळे मिटून जोडावरून फिरवायचा. एक तंतू अडकला तरी पलंग परत ग्राइंडरखाली. कारखान्यातले लोक म्हणायचे, मामांच्या पलंगात जोड नसतोच, हा पलंग झाडाला असाच लागतो. निवृत्त झाल्यावर मामा घराच्या मागच्या शेडमध्ये काही दिवस खुर्च्या दुरुस्त करत बसले, काही दिवस नुसतेच बसले. नुसतं बसणं त्यांना जमेना, आणि त्यांचं नुसतं बसणं मामींना सोसेना.

त्यात भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी, तेवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात नोकरी. उंचीने मामांच्या खांद्याला लागेल न लागेल, पण तोंडाने मामांच्या डोक्यावरून जाणारी. तिला ट्रायल्सचं वेड होतं. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. सायकलीवरून दगड, ओंडके, पिंपं, पेट्या चढायच्या आणि उतरायच्या. ब्रेक दाबून मागच्या चाकावर उभं राहायचं, बेडकासारख्या उड्या मारायच्या, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की एक दंड. पाच दंड झाले की त्या टप्प्यातून बाहेर. सगळं उभ्याउभ्या चालतं, मग सीट हवी कुणाला? ती फक्त पोटरीला आपटते.

अडचण अशी की तयार फ्रेम यायच्या त्या उंच माणसांच्या मापाच्या. भाचीच्या हाताला त्या लांब पडत. उडीच्या वेळी हँडल छातीशी ओढायला जावं तर तिचे हातच संपत. तिने मोबाइलवर नव्या फ्रेमचे फोटो मामांपुढे धरले आणि विचारलं, अशी करशील का, माझ्या मापाची. मामांनी फोटो मोठा केला, लहान केला, उलटा धरला. नेहमीच्या सायकलीत दिसतो तसा त्रिकोणच नव्हता. हँडलच्या नळीपासून एक नळी घसरगुंडीसारखी सरळ मागच्या चाकाकडे उतरलेली, मागचं चाक पायडलला चिकटल्यासारखं जवळ, आणि पायडलचा आस चाकांच्या आसापेक्षाही वर. मामांना हे शेवटचं पटेना. पायडल वर म्हणजे माणूस वर, माणूस वर म्हणजे तोल गेला. हा उलटा धंदा केला कुणी, आणि का?

'का' हा शब्द मामांना एकदा चिकटला की जळू बरी. त्यांनी भाचीला जुन्या सायकलीवर मागच्या चाकावर तोलून उभं राहायला लावलं आणि स्वतः फरशीला गाल लावून आडवे झाले. खिडकीतून पाहणाऱ्यांनी मामांना चक्कर आली असं ठरवलं. मग ते पाच दिवस शेजारच्या मांजराच्या मागे होते. मांजर भिंतीवर उडी मारण्याआधी बसतं कसं, मागचे पाय पोटाखाली किती घेतं, हे त्यांना बघायचं होतं. सहाव्या दिवशी त्यांनी टेप घेऊन मांजराचं माप काढायचा प्रयत्न केला. मनगटावर तीन ओरखडे घेऊन आले, पण चेहऱ्यावर दिवाळखोराला लॉटरी लागल्याचा आनंद. मामी म्हणाल्या, अहो, माझे गुडघे दोन वर्षं दुखताहेत, त्यांची कधी एवढी चौकशी नाही केलीत. मामा म्हणाले, तू भिंतीवर उडी मारत नाहीस.

पण उत्तर त्यांना मिळालं होतं. चाक पोटाखाली आलं की उचलायला सोपं. पायडल वर असलं की मागच्या चाकावर उभं राहणं सोपं, आणि खाली दगडाला जागा. ह्या सायकलीला चालायचं नसतंच, तिला उडी मारायची असते. मामांनी शेडच्या फरशीवर खडूने भाचीच्या मापाची फ्रेम काढली. मामींना आठ दिवस तिथे झाडू मारायची बंदी झाली.

पहिली फ्रेम तयार झाली ती बघण्यासारखी होती. मामांचा विचार सरळ: उड्या मारायच्या तर मजबूत हवी. म्हणून प्रत्येक सांध्याला त्यांनी वरून एकेक पोलादी पट्टी जोडली. नाकापेक्षा मोती जड झाला. भाची कुरकुरली, पण चालवू लागली. अकराव्या दिवशी ती पेट्यांच्या थप्पीवरून खाली उतरली आणि हँडल हातात राहून बाकीची सायकल वेगळी झाली. मनगट मुरगळलं. तुटलं कुठे, तर पट्टी जिथे संपते तिथे, अगदी लागून.

मामा तुकडे टेबलावर ठेवून बसले. जिथे सगळ्यांत मजबूत केलं, त्याच्या शेजारीच कसं तुटतं? हाताला पट्टी बांधून बसलेली भाची म्हणाली की त्यात काय, आमच्या दुकानात रोज बघते. चष्म्याची काडी कधी मधे मोडत नाही, बिजागरीच्या शेजारी मोडते. काडी लवते, बिजागरी लवत नाही, मग सगळा राग त्या एका जागी निघतो. मामांनी तिच्याकडे, मग तिच्या चष्म्याकडे, मग टेबलावरच्या पोलादी पट्टीकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या अनुभवाला चष्म्याच्या दुकानातून शिकवणी मिळाली होती. त्यांनी ती चहाबरोबर निमूट गिळली.

दुसरी फ्रेम म्हणून बिनपट्ट्यांची झाली. हलकी, सुरेख, मांजरासारखी दबा धरून बसलेली. आणि जोड असे घासलेले की कापसाचा बोळा हँडलपासून मागच्या चाकापर्यंत एक तंतू न सोडता गेला. मामांनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. इस्त्रीवाल्यानेसुद्धा हात फिरवून मान डोलावली, आणि त्याचा शब्द गल्लीत चालतो, हे आपण पाहिलंच.

तीन आठवडे ती टिकली. मग सराव करताना 'कट्' असा बारीक आवाज यायला लागला. आवाज कुठून येतो ते दिसेना. मामांनी फ्रेमला रॉकेल चोळलं, पुसून कोरडी केली आणि सगळ्या सांध्यांवर खडूची भुकटी फासली. थोड्या वेळाने पायडलजवळच्या जोडावर, पांढऱ्या भुकटीत, केसाएवढी ओली रेघ उमटली. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. ह्या खेपेला तडा शेजारी नव्हता. बरोबर जोडाच्या मधोमध होता.

मामांची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत परिचारिका. नेमकी त्या वेळी ती शेडमध्ये आली आणि तिला रेघ दाखवायची गरज पडली नाही. मोडलेलं काय असतं हे तिला लांबूनही कळतं. ती ओरडली नाही, आणि मामांना तेच जड गेलं.

"दादा, मोडकी मनगटं मी रोज बघते," ती म्हणाली. "तिसरी करायची तर कर. पण तिसरीला तडा गेला तर सायकल बंद. तिने चष्मे विकायचे आणि तू खुर्च्या दुरुस्त करायच्या."

भाचीने तोंड उघडलं. आईने नुसतं पाहिलं. तोंड मिटलं. राज्याच्या ट्रायल्स संघाची निवड स्पर्धा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, सहा आठवड्यांवर आली होती.

बहीण गेल्यावर मामांनी करवत घेतली आणि आपलीच सुंदर फ्रेम कापली. तडकलेला जोड कापला, न तडकलेले सगळे जोडही कापले, आणि कापलेली तोंडं भिंग लावून बघत बसले. नळीच्या भिंतीची जाडी मोजली. जोडापासून बोटभर अंतरावर पुरी जाडी, आणि जोडावर, जिथे त्यांचा ग्राइंडर, कानस आणि पॉलिश पेपर फिरला होता, तिथे निम्मीसुद्धा नाही. वेल्डिंगचा फुगवटा घासता घासता त्यांनी नळीच घासून टाकली होती. ती चकाकी म्हणजे काढून टाकलेलं पोलाद होतं.

मामांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो विचारायला मामाच पाहिजेत: मग माझे पलंग कसे नाही मोडले? मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की त्यांच्यावर माणसं झोपत होती, नाचत नव्हती.

तिसरी फ्रेम करताना मामांना नळ्या कापायला, वाकवायला काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो वेल्डिंग संपल्यावर. जोडावर माशाच्या खवल्यांसारखे थर बसले होते, खडबडीत, उघडे. मामांचा हात आपोआप ग्राइंडरकडे जाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्राइंडरची वायर काढली आणि मामींकडे ठेवायला दिली. मामींनी ती कुठे ठेवली ते सांगितलं नाही, मामांनी दोनदा विचारूनही.

बहीण बघायला आली. कापसाची परीक्षा तिला लहानपणापासून ठाऊक. तिने पर्समधून बोळा काढला आणि जोडावरून फिरवला. अर्धा कापूस तिथेच राहिला, जोडाला दाढी आल्यासारखा.

"हे तू केलंस?"

"मीच."

"तुझ्या पलंगाने आजवर कुणाला ओरखडा काढला नाही, दादा. आणि हिला हे देतोस?"

मामांनी कापलेले तुकडे तिच्यापुढे ठेवले आणि जाडी दाखवली. ती ऐकत राहिली. पटलं असं म्हणाली नाही, नाही पटलं असंही म्हणाली नाही. स्पर्धेला मी येणार, एवढंच म्हणाली.

स्पर्धा बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होती. आठ टप्पे, प्रत्येक टप्प्याला दोन मिनिटं. अठराजण उतरले होते, आणि बहुतेकांच्या सायकलींवर रंगीत अक्षरं. भाचीची सायकल करड्या रंगाची, अक्षर एक नाही. पहिल्या टप्प्यातच तिने दोनदा पाय टेकला, कारण आई बघत होती. मग आई बघते आहे हे ती विसरली. ओंडक्यावर चढली, तिथे मागच्या चाकावर उभी राहून तिने सावकाश पुढचा दगड न्याहाळला, जणू गिऱ्हाइकाला कुठला चष्मा शोभेल ते ठरवते आहे, आणि उडी मारली. लोक टाळ्या वाजवत होते. मामांनी डोळे मिटले होते. त्यांना बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. प्रत्येक वेळी चाक आपटलं की ते 'कट्' शोधत.

सहाव्या टप्प्यात माणसाच्या उंचीचा दगड होता, आणि त्यावरून सरळ खाली. तिथे बहिणीने तोंड फिरवलं आणि मामांचा दंड धरला. धप्प असा आवाज आला. पाठोपाठ साखळी खुळखुळली. आणखी काही नाही. बहिणीने दंड सोडला तेव्हा त्यावर चार बोटं उमटली होती.

भाची पाचवी आली, आणि पहिल्या सहांची निवड होती. ती हात वर करून नाचत आली, पण आईने तिला बाजूला केलं आणि सायकल धरली. मग तिने पर्समधून रॉकेलची बाटली, फडकं आणि खडूची भुकटी काढली. जखम धुवावी तशी तिने ती फ्रेम पुसली, एकेका सांध्यावर भुकटी फासली आणि दगडावर बसली. मामा शेजारी. भाची उभी, ह्या पायावरून त्या पायावर. पंधरा मिनिटं तिघंही पांढरे सांधे बघत राहिले. इतक्या शांतपणे ह्या घरातली तीन माणसं याआधी कधी बसली नसावीत.

रेघ आली नाही. कुठेच नाही.

बहिणीने बाटलीचं झाकण लावलं आणि मुलीला म्हणाली की पुढच्या वेळी कोपराला जाड पट्टे बांध. म्हणजे पुढची वेळ होती. भाचीने आईला अशी मिठी मारली की तिच्या साडीवर खाणीतल्या धुळीचे दोन पंजे उठले.

एवढ्यात तयार फ्रेम विकणारा एक गृहस्थ तिथे थबकला. त्याने करड्या सायकलीला चक्कर मारली, वाकून पायडलची उंची पाहिली, मागच्या चाकाची जवळीक पाहिली आणि आखणी छान आहे असं मनापासून म्हणाला. मग त्याने भुकटी पुसून जोडावर अंगठा फिरवला आणि चेहरा वाकडा केला.

"वेल्डिंग मात्र कुणा नवशिक्याकडून करून घेतलेलं दिसतंय," तो म्हणाला.

"हो, नवशिक्याकडूनच," पलंगमामा म्हणाले. "अनुभवी माणसाने केलेल्या दोन मोडल्या."